लग्नानंतर लगेच ट्रॉम्सोला जायचंय. तिथला हिवाळा आम्हाला झेपेल का?

तुम्ही लिहिलंय की मिस्टरांना उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोच्या विद्यापीठात संशोधनाची जागा मिळालीय, लग्नाला वर्षही झालेलं नाही, त्यांना डोंगरांचं वेड आहे आणि तुम्हाला अंधाराची धास्ती. अंधार झेपतो. मला टोचलं ते तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य: 'ते म्हणतात, तू फक्त माझ्यामागे चालत राहा, बाकी मी बघतो.' त्यावर मला बरंच बोलायचंय. आधी अंधाराचं उरकते.

21 नोव्हेंबरच्या सुमाराला गावातून सूर्य दिसेनासा होतो, तो डोंगरांवरून परत दिसतो थेट 21 जानेवारीच्या आसपास. म्हणून चोवीस तास काळोख असतो असं मात्र नाही. दुपारी बाराच्या आगेमागे काही तास निळसर उजेड असतो आणि बर्फ पडलेला असला की तो दुप्पट वाटतो. त्या वेळेला रोज बाहेर पडायचंच, कंटाळा आला तरी. थंडीचाही बाऊ नको. समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे जानेवारीतही पारा बहुतेक दिवस शून्याखाली थोडासाच असतो. खरा त्रास वेगळाच, पाऊस पडून मग गोठतो तेव्हा रस्त्याची काच होते. बुटाखाली लावायचे काटे पहिल्याच आठवड्यात विकत घ्या.

घराबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण नव्या जोडप्याची कसोटी तिथेच लागते. आम्ही एका कुटुंबाच्या घराखालचा, अर्धा जमिनीत गेलेला तळमजला भाड्याने घेतला होता. स्वयंपाक, बैठक, वाळत घातलेले लोकरीचे कपडे, नवऱ्याचा लॅपटॉप, सगळं एका खोलीत. दिवस उगवत नाही तेव्हा दोन माणसांची झोप दोन दिशांना जाते. तो रात्री दोनला ताजातवाना, मी पहाटे पाचला टक्क जागी. सगळं दोघांनी मिळूनच करायचं हा हट्ट पहिल्या महिन्यातच सोडा. गाव ज्या बेटावर आहे त्याच्या मधोमध स्कीसाठी दिवे लावलेली वाट आहे. जेवण झालं की मी एकटी तिकडे जायची आणि परत आले की आम्ही दोघंही माणसात असायचो. त्याला सुरुवातीला वाईट वाटायचं. वाटू दिलं.

आता डोंगर.

फेब्रुवारी उलटला की इथे दिवस रोज दहाएक मिनिटांनी वाढतो आणि अख्खं गाव डोंगरांकडे धावतं. आमच्या पहिल्या मार्चमधला रविवार. मी, नवरा आणि त्याचा एक सहकारी असे शेजारच्या क्वालोया बेटावर गेलो. स्कीच्या तळाला केसाळ पट्टे लावून चढायचं, वर पट्टे काढून घसरत उतरायचं. डोंगर नवशिक्यांचा म्हणून ओळखला जाणारा. आदले दोन दिवस जोराचं वारं होतं. 'वार्सोम' या सरकारी संकेतस्थळावर हिमस्खलनाचा रोजचा इशारा एक ते पाच अशा पायऱ्यांत देतात, त्या दिवशी तीन होता. सहकारी म्हणाला, तीन म्हणजे मधलाच आकडा. हे तुम्हालाही कोणीतरी म्हणेल. जीव घेणारे बरेच अपघात तीनच्याच दिवशी होतात, कारण चार असला की लोक आपणहून घरी बसतात.

झाडी संपली, एका सपाटीवर आलो. समोर वाऱ्याने बर्फ साचवलेला खोलगट उतार. तिथे पायाखाली 'धप्प' असा घुसमटलेला आवाज झाला आणि बर्फ किंचित खाली बसला. बर्फाच्या आतला कमकुवत थर मोडतो तेव्हा असा आवाज येतो. वरचा घट्ट थर सुटायला तयार आहे याची याहून स्पष्ट खूण नाही. मी म्हणाले, "परत."

नवरा म्हणाला, "अगं, इथे उतारच नाहीये." सहकारी म्हणाला, "तुम्ही थांबा इथे, आम्ही वर जाऊन येतो."

मी हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने चढलेली आहे. घसाऱ्यावर पाय कसा टाकायचा आणि पुढच्याला किती अंतर द्यायचं, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. पण सह्याद्रीत दगड सुटला तर तो दिसतो, खडखडतो, माणूस ओरडून सांगू शकतो. इथे थर आतून सुटतो, तोही बहुतेक वेळा त्यावरून जाणाऱ्याच्याच वजनाने. मी तिथेच वळले. नवरा बराच वेळ दोघांच्या मधे उभा राहिला आणि मग माझ्यामागे आला. सहकारी एकटा वर गेला.

तो सुखरूप उतरला. संध्याकाळी आमच्याकडेच जेवायला यायचं आधी ठरलं होतं. मी फोडणी देत होते, त्याने माथ्यावरचा फोटो टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "बघा, काही झालं का?" माझा नवरा हसला. त्या फोटोपेक्षा ते हसणं मला जास्त लागलं. पुढचे कित्येक दिवस त्या एका खोलीत आम्ही भाजी, भांडी, भाडं एवढंच बोलत होतो.

त्या रात्री पाहुण्यासमोर गिळलेलं उत्तर आज इथे लिहिते. काही झालं नाही, याने काहीच सिद्ध होत नाही. रस्ता न बघता ओलांडणारा माणूसही बहुतेक वेळा पलीकडे पोचतो. दुसरं, 'इथे उतारच नाही' हे अर्धवट ज्ञान आहे. थर सुटायला साधारण तीस अंशांहून जास्त उतार लागतो, हे बरोबर. पण तो तुमच्या पायाखालीच असला पाहिजे असं नाही. कमकुवत थर मोडला की मोड आडवी पसरत जाते आणि सपाटीवरच्या माणसाच्या वजनाने वरचा उतार सुटू शकतो. सुटलेलं सगळं मग सपाटीवरच येऊन थांबतं. वार्सोमच्या नकाशावर तिसाच्या वरचे उतार रंगवून दाखवतात, बर्फ वाहत कुठवर येईल तेही. मी ती सपाटी नवऱ्याला त्या नकाशावर दाखवली. ती रंगात होती. तो अजून म्हणतो की आवाज लहान होता. आवाज लहान की मोठा, याला अर्थ नाही.

नॉर्वेत डोंगरात जाण्याचे नऊ नियम शाळकरी पोरांनाही माहीत असतात. आठवा सांगतो की वेळेत मागे फिरा, परतण्यात लाज नाही. ज्या देशात हे पाठ आहे तिथे येऊन आपण बायकोने 'परत' म्हटल्यावर माथा हुकल्याचं दुःख करायचं, हे मला पटत नाही.

म्हणून तुमच्यासाठी सल्ला. बूट चढवायच्या आधी घरी ठरवून टाका की दोघांपैकी कोणीही 'परत' म्हटलं की परत, आणि गाडीत बसेपर्यंत 'का' विचारायचं नाही. आमच्याकडे आता हाच नियम आहे. 'माझ्यामागे चालत राहा' म्हणणाऱ्याला विचारा, तू बर्फाखाली गेलास तर तुला शोधायचं कोणी? गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत मिळाला तरच वाचायची आशा बरी असते. तेवढ्यात गावातून मदत पोचत नाही, सोबतच्यालाच खणावं लागतं. तेव्हा ट्रान्सीव्हर (बर्फाखालच्या माणसाचा माग देणारं, अंगावर बांधायचं रेडिओयंत्र), फावडं आणि शोधायची लांब काठी दोघांकडे हवी आणि हिमस्खलनाचा कोर्सही दोघांनी करायला हवा. मिस्टरांनी हिमालयात ट्रेक केले असले तरीही.

एवढं वाचून घाबरू नका. दिव्यांच्या वाटेवर, प्रेस्टवानेट तळ्याकाठी, समुद्रकिनाऱ्याने हिंडायला यातलं काही लागत नाही. 20 मेच्या सुमारापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. गावासमोरच्या डोंगरावर नेपाळी शेर्पांनी बांधलेल्या बाराशे पायऱ्या चढून मध्यरात्री उन्हात बसायचं, हे सुख नव्या लग्नात दुसरीकडे कुठे मिळायचं? फक्त बर्फ लवकर जाईल या भरवशावर राहू नका. 1997 साली गावात सर्वाधिक बर्फ मोजला गेला तो 29 एप्रिलला, 240 सेंटिमीटर.

माझा नवरा वाईट माणूस नाही, हेही लिहायला हवं. तो त्या दिवशी वळला, हे मी विसरलेले नाही. आणि अंधार प्रत्येकाला सारखाच झेपतो असंही नाही. ड जीवनसत्त्व दोघांनीही घ्या, इथले लोक कॉड माशाचं तेल घेतात, शाकाहारी असाल तर गोळी. झोप आठवडेच्या आठवडे बिघडलेली राहिली किंवा रडू आवरेना, तर 'हवा मानवेल हळूहळू' म्हणत बसू नका, नेमून दिलेल्या डॉक्टरकडे जा. कुकर आणि मसाले घेऊन या. जाड जॅकेट तिथून आणू नका, इथल्या पावसात ती कामाची नाहीत. अंगालगतचे कपडे लोकरीचेच हवेत, सुती नकोत, आणि ते इथे सेलमध्ये मिळतात.