वाचकांचे प्रश्न : मीटिंगचा पत्ता आणि शाळेचं कुलूप

प्रश्न : आम्ही आकुर्डीला राहतो. मिस्टर भोसरीच्या कारखान्यात शिफ्टला आहेत. पंधरा वर्षं पितात, आता रोजच. 'एएच्या मीटिंगला येतो' असं परवा आपणहून म्हणाले. व्हॉट्सॅपवर आलेल्या यादीतल्या पत्त्यावर गेलो, तर शाळेला कुलूप. तेव्हापासून विषय काढू देत नाहीत. खात्रीची मीटिंग कशी शोधायची? मी सोबत गेले तर चालेल का?

उत्तर : ताई, ते आपणहून 'येतो' म्हणाले, हे फार मोलाचं आहे. कुलपामुळे ते वाया जाऊ देऊ नका.

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांच्या आधारासाठी चालवलेले गट. या गटांची स्वतःची जागा सहसा नसते. चर्चचा हॉल, शाळेचा वर्ग, एखाद्या संस्थेची खोली तास-दीड तासापुरती घेतलेली असते. परीक्षा आल्या, निवडणूक लागली, गणपतीत रस्ते बंद झाले की वेळ किंवा जागा बदलते. फिरत आलेल्या यादीत हे बदल कोणी करत नाही. म्हणून पत्ता एएच्या भारतातल्या संकेतस्थळावरून घ्या आणि ज्या दिवशी जायचं त्याच दिवशी दुपारी तिथल्या नंबरवर फोन करा. आज मीटिंग आहे ना, किती वाजता, मराठीत की हिंदीत, आत शिरायचं दार कोणतं, हे विचारा. शाळेचं मोठं फाटक बंद आणि मागच्या गल्लीतलं छोटं दार उघडं, असं हमखास असतं. मीटिंग 'ओपन' आहे की 'क्लोज्ड' हेही विचाराच. क्लोज्ड मीटिंगला फक्त दारू सोडू पाहणारी माणसं बसतात. ओपनला तुम्हीही बसू शकता.

हा फोन शक्यतो त्यांनीच करावा. फोन लावून त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत जा. पलीकडचा माणूस स्वतः त्यातून गेलेला असतो. बायकोसमोर जे तोंडातून निघत नाही, ते त्याच्याशी बोललं जातं. शेवटी एवढंच विचारायला सांगा : "फाटकाशी कोणी भेटेल का?" बहुतेक वेळा कोणीतरी येतं. दारूपासून दूर राहण्यासाठी एएने बारा टप्पे सांगितले आहेत, त्यांना पायऱ्या म्हणतात. नव्या माणसाला हात देणं ही त्यांतली शेवटची पायरी आहे, त्यामुळे विचारायला संकोच नको. अनोळखी दारापुढे एकट्याने उभं राहिलं की पाय मागे वळतात. तिथे वाट बघणारं माणूस असेल तर वळत नाहीत.

शिफ्टप्रमाणे दोन-तीन गट हेरून ठेवा, म्हणजे सेकंड शिफ्टच्या आठवड्यात खंड पडणार नाही. वाटेत नेहमीचं वाइन शॉप लागत असेल तर रस्ता बदला. उपाशीपोटी पाठवू नका, भुकेने तलफ वाढते. पोहे, उपीट, काहीही चालेल. पहिल्या दिवशी बोलण्याची सक्ती नसते, "आज फक्त ऐकतो" म्हटलं की झालं. एका मीटिंगवरून 'आपल्याला जमणार नाही' हे ठरवू नये. प्रत्येक गटाचा सूर वेगळा असतो. निदान पाच-सहा मीटिंगा वेगवेगळ्या ठिकाणी बसून पाहाव्यात.

एक गोष्ट मात्र मीटिंगच्याही आधीची. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन नाही ते दिसू लागतं. यात जीव जाऊ शकतो. आधी डॉक्टरांना दाखवा. फिट आली किंवा असंबद्ध बोलू लागले तर १०८ ला फोन करा. दाखल व्हायची गरज पडली तर येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतं आहे. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

आणि तुम्ही? घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा गट असतो. ते गेले नाहीत तरी तुम्ही जा. लपवलेल्या बाटल्या शोधणं, साहेबांना 'ताप आलाय' असं खोटं सांगणं, हे कसं थांबवायचं ते तिथल्या बायका अनुभवाने सांगतात.

प्रश्न : जाहिरातीतली पावडर वडिलांच्या चहातून न सांगता दिली तर दारू सुटते का?

उत्तर : देऊ नका. अशा पावडरीत काय आहे ते कळायला मार्ग नसतो. डायसल्फिराम, म्हणजे दारू प्यायली की त्रास व्हावा म्हणून दिलं जाणारं औषध, असेल आणि त्यावर वडील दारू प्याले, तर उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब घसरणं असं होऊन जिवावर बेतू शकतं. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. हे औषध डॉक्टरांनी तपासून, रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं.

प्रश्न : एएच्या मीटिंगची फी किती? नाव ऑफिसात कळेल का? मी देव मानत नाही, मग?

उत्तर : फी नाही. मीटिंगमध्ये पैशांसाठी पिशवी किंवा डबा फिरतो. खर्च सदस्यच वर्गणीतून भागवतात, नव्या माणसाने काही टाकलं नाही तरी चालतं. आडनाव, ऑफिस, पत्ता कोणी विचारत नाही. तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं हा रिवाज आहे. समोर ओळखीचं कोणी भेटलंच, तर तेही त्याच कारणासाठी आलेलं असतं. प्रार्थना होते, पायऱ्यांमध्ये देवाचा, आपल्याहून मोठ्या शक्तीचा उल्लेख येतो. तो आपापल्या समजुतीप्रमाणे घ्यावा असं त्यातच म्हटलं आहे. बरेच जण गटालाच ती शक्ती मानतात. सदस्य व्हायला अट एकच : पिणं थांबवायची इच्छा. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं आधी पोचा. चहा होत असतो, तेव्हाच दोन फोन नंबर घेऊन ठेवा आणि रात्री तलफ आली तर पिण्याआधी लावा.