कोनशिलेवरचं नाव मुलांना सांगताना

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. प्राथमिक शाळेवर रुजू झालीस याचा फार आनंद झाला. शाळेला ज्यांचं नाव आहे त्यांच्या पुण्यतिथीचं भाषण तुझ्याकडे आलं आहे आणि 'थोर दानशूर' यापलीकडे काय बोलावं असं तू विचारलं आहेस. दरवर्षी तेच भाषण ऐकून मुलं कंटाळतात, यात मुलांचा दोष नाही.

देणगीची रक्कम सांगण्यात वेळ घालवू नकोस. जुन्या काळातले काही हजार रुपये आज मुलांना काहीच वाटत नाहीत. त्या माणसाने कोणासाठी दार उघडलं आणि त्यासाठी काय सोसलं, ते शोध.

नाना शंकरशेट म्हटलं की लोकांना 1853 ची आगगाडी आठवते. मला त्याहून मोठी वाटते ती 1849 ची गोष्ट. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा नानांनी स्वतःच्या वाड्यात जागा दिली. त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाईंच्या शाळेसाठी तात्यासाहेब भिड्यांनी बुधवार पेठेतला आपला वाडा दिला होता. मुलीच्या हातात पाटी दिली तर घर बुडेल असं मानणारे लोक शेजारीच राहत होते. पैसे देऊन माणसाला लांब राहता येतं. वाडा दिला की रोज त्याच शेजाऱ्यांसमोरून जावं लागतं. हे चौथीच्या मुलांना नीट कळतं, सांगून बघ.

आणखी एक. शाळेच्या फलकावरचं नाव देणाऱ्याचंच असतं असं नाही. सर विठ्ठलदास ठाकरसींनी 1920 साली कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला 15 लाख रुपये दिले. विद्यापीठाला नाव लागलं त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. तुमच्या शाळेचं नाव नक्की कोणाचं आहे ते आधी पाहा, नाहीतर भाषणात भलत्यालाच दाता ठरवशील.

कागद कुठे मिळतील? बक्षीसपत्र, म्हणजे जागा दान दिल्याचा दस्त, असेल तर संस्थेच्या दप्तरात. नसेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात संस्थेच्या नोंदणीचा परिशिष्ट 1 चा उतारा मिळतो. संस्थेची म्हणून कोणती मिळकत नोंदलेली आहे ते त्यावर कळतं. तू नवी आहेस, पण हेही माहीत असू दे: 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36 नुसार अशा संस्थेची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. शाळेच्या मैदानावर कोणाची नजर गेली, तर दात्याच्या तसबिरीपेक्षा हे कलम कामाला येतं.

पण सगळ्यात बोलका कागद तुमच्या कपाटातच आहे. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन पहिलं जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल झालेल्या मुलांच्या नोंदीची वही, काढ. पानं जपून उलट, जुना कागद कडेला तुटतो. पहिल्या वर्षांत कोणाची मुलं आली, मुली किती, कोणत्या वस्तीतली, शाळा कोणत्या इयत्तेतून सोडली आणि का, हे सगळं त्या रकान्यांत असतं. शाळा सोडल्याच्या कारणाचा रकाना मन लावून वाच. भाषणाचा अर्धा मजकूर तिथेच मिळेल. मुलांची नावं आणि जाती मात्र सभेत वाचू नकोस. त्यांची नातवंडं गावातच असतील.

कदाचित असंही दिसेल की सुरुवातीची कित्येक वर्षं एखाद्या वस्तीतलं एकही मूल पटावर नाही. मग काय करायचं? माझं मत स्पष्ट आहे: ते झाकायचं नाही. दात्याचे वारस पहिल्या रांगेत बसलेले असले तरी नाही. त्यांनी दिलं ते कृतज्ञतेने सांग आणि त्या वस्तीतलं पहिलं मूल कोणत्या वर्षी पटावर आलं तेही त्याच आवाजात सांग. वारसांना आदल्या दिवशी भेटून कल्पना दे, म्हणजे त्यांना भर सभेत अवघडल्यासारखं होणार नाही.

भाषण दहा मिनिटांच्या आत आटोप, मुलं उन्हात बसलेली असतात. मसुदा झाला की पाठव, मी वाचून लगेच कळवतो.

तुझा,
सर