घरच्या वाफ्यातला कांदा काढायला झाला हे कसं ओळखायचं, आणि तो पावसाळाभर कसा टिकवायचा?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरच्या शेवटी दोन वाफे कांदा लावला, आता एप्रिल निम्मा सरला, काहींच्या माना, म्हणजे कांद्याच्या लगतचे पातीचे बुंधे, पडल्यात, काही ताठ उभे आहेत, आणि शेजारचे म्हणतात की पात तुडवून टाका म्हणजे सगळा एकदम तयार होईल. तर सगळ्यात आधी तेवढंच सांगते: तुडवू नका.

माझं माहेर चांदवड तालुक्यातलं. उन्हाळ कांदा आणि चाळ, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड, बघतच मोठी झाले. आता नाशकात घरामागे तुमच्यासारखेच दोन-तीन वाफे लावते. खोटं कशाला बोलू, चाळीशेजारी वाढूनही माझा पहिल्या वर्षीचा कांदा जुलैतच सडला होता. त्याचं पुढे सांगते.

कांदा पोसत आला की मधून नवी पात फुटायची थांबते. आत कोवळं पान नाही म्हटल्यावर मान पोकळ होते, तिला वरच्या पातीचा भार पेलत नाही आणि ती कांद्याच्या लगत आडवी होते. अशी आपली आपण पडलेली मान वाळली की चिमटते आणि कांद्याचं तोंड बंद होतं. तुडवून पाडलेल्या मानेत मात्र आतली पात ओलीच असते. ती नीट मिटत नाही आणि सड तिथूनच आत शिरते. शेजाऱ्यांनी हे खरिपाच्या लाल कांद्यात बघितलं असणार. त्याची पात काढणीपर्यंत हिरवीच राहते, म्हणून शेतकरी वरून रिकामं पिंप फिरवून माना पाडतात. पण तो कांदा थेट मार्केटला जातो, साठवायचा नसतोच.

लावणीपासून 110 ते 130 दिवस हा हिशोब फक्त वाफ्याकडे कधीपासून बघायला लागायचं यासाठी. पहिल्या दहा-वीस माना पडलेल्या दिसल्या की पाणी बंद करा. जीव तुटतो, ऊन मी म्हणत असतं, पण बंदच करा. मग निम्म्या माना पडल्या आणि पातीचे शेंडे पिवळे झाले की काढायला घ्या. सगळ्या पडायची वाट बघत बसलात आणि मध्ये एखादी अवकाळी सर आली, तर कांद्याला पुन्हा मुळ्या फुटतात, वरचा पापुद्रा सुटतो आणि उघडा पडलेला कांदा टिकत नाही. पावसाचा अंदाज असेल तर दोन दिवस आधीच काढून पत्र्याखाली घ्या. ताठ मानेचे असतील तेही काढा, फक्त वेगळे ठेवा. जाड मानेचा कांदा कितीही देखणा असला तरी तो आधी खायचा.

उपटताना जमीन कडक असेल तर खुरप्यानं बाजूची माती सैल करा. खुरपं लागलेला कांदा त्याच दिवशी स्वयंपाकघरात. माती हातानं झटकायची, कांदा धुवायचा अजिबात नाही.

आता वाळवण. इथे घाई झाली की वर्षाचं काम वाया. पहिले तीन दिवस पातीसकट वाफ्यातच, पण अशा रांगेनं की पुढच्या ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यावर यावी. पात सुकायला हवी, कांदा उघड्यावर भाजायला नको. एप्रिलच्या उन्हात उघडा कांदा एका बाजूनं उकडल्यासारखा मऊ पडतो आणि तो डाग पुढे सडतो.

तीन दिवसांनी पात कापायची, मानेला पीळ देऊन, एक ते दीड इंच मान ठेवून. माझी चूक इथेच झाली होती. कांदे सुबक दिसावेत म्हणून मी माना अगदी कांद्याबरोबर छाटल्या, दोन दिवस गॅलरीत ठेवले आणि गोणीत भरून माळ्यावर टाकले. जुलैत वास आला, चिलटं दिसली. गोणी उपसली तर खालचा थर लगदा. वडिलांना फोन केला तर एवढंच विचारलं, ‘मान चिमटून बघितली होती का?’

ती चिमट तुम्हीही शिका. कांद्याच्या डोक्यावरची मान अंगठा आणि बोटात धरून दाबायची. आत काहीतरी बुळबुळीत सरकल्यासारखं वाटलं तर अजून वाळायचाय. वाळलेली मान कागदासारखी लागते, दाबली की कुरकुरते. त्यासाठी पात कापल्यावर आणखी दहा-बारा दिवस सावलीत, वारा खेळेल अशा जागी, एका थरात पसरून ठेवावा लागतो. घरात फरशीवर वर्तमानपत्र टाकून ठेवलात तर रोज हात फिरवून उलथापालथ करा. झालेला कांदा हातात घेतला की खसखसतो आणि त्याचा रंग चढलेला असतो.

भरण्याआधी निवड करा. जोड कांदे, चिंगळी (अगदी बारके कांदे), जाड मानेचे, मऊ लागलेले बाजूला काढून आधी वापरा. राहिला तो निवडक माल. सहा बाय चार फुटांचे दोन वाफे असतील तर सगळा मिळून पंधरा-वीस किलो निघावा. एवढ्याला चाळ नको, पण चाळीचं तत्त्व हवं: खालून आणि बाजूनं हवा. आमच्या आजीकडे घरखर्चाचा कांदा दोरीच्या बाजेवर पसरलेला असे. तुमच्याकडे जाळीचे क्रेट असतील तर विटांवर ठेवा, ढीग फूटभराच्या वर नको. टोपलीही चालेल. प्लास्टिकची पिशवी, बंद डबा, सिंकखालचं कपाट यातलं काहीच नको. फ्रिजही नको, तिथून बाहेर काढला की भराभर कोंब येतात. बटाट्यापासूनही लांब ठेवा. पात न कापता वेणी घालून टांगणार असाल तर उत्तमच. अलिबागचा पांढरा कांदा तसाच माळेनं विकायला येतो. मात्र वेणी घालायची तर पात वाळल्यावर पण चुरा होण्याआधी घालायची, आणि ती वेळ पकडणं मला अजून दरवेळी जमत नाही.

जून ते सप्टेंबर दर आठ दिवसांनी एक फेरी मारा. आधी नुसता वास घ्या, मग वरखाली करा. एक सडका राहिला तर शेजारचे चार घेऊन जातो. सालीखाली काळी पूड दिसली तर ती काजळी. वरचे एक-दोन पापुद्रे काढून आतला स्वच्छ निघाला तर वापरा, आतपर्यंत गेली असेल तर टाकून द्या. पावसाळी कुंद हवेत क्रेटवर पंखा लावायलाही लाजू नका. वजन घटणारच, वीसचे वीस किलो राहात नाहीत. पाऊस सरून गारवा आला की कोंब दिसायला लागतात. तोवर नवा लाल कांदा बाजारात येऊ लागतो.

आणि हो, उभ्या राहिलेल्यांपैकी ज्यांना मधून जाड दांडा येऊन वर गोंडा आलाय ते डेंगळे. त्यांची मान पडायची वाट बघू नका. आजच उपटा, मधला दांडा काढून टाका आणि संध्याकाळच्या पिठल्यात घाला.