बेळगावात इंजिनिअरिंगला पहिलं वर्ष: आधी एवढंच सांभाळ

अभिनंदन! निपाणीहून येतोयस, मराठी माध्यमातून शिकलायस, म्हणून घाबरू नकोस. इंग्रजी दोन महिन्यांत कानाला बसतं. प्रत्येक विषयाच्या संज्ञांची वेगळी वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेव.

खानापूर रोडवर, मच्छेजवळ, १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालय आहे. त्याच्या अलीकडे उद्यमबागेत गोगटे इन्स्टिट्यूट १९७९ पासून उभी आहे, शेजारी फाउंड्र्या, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारे कारखाने. ओतकाम पुस्तकात वाचायच्या आधी तिथे परवानगी काढून बघून ये. असा शेजार फार थोड्या कॉलेजांना लाभतो.

सुरुवातीला नेहमी होणाऱ्या चुका:

- हजेरी. व्हीटीयूला प्रत्येक विषयात ८५ टक्के लागते. गणपतीला गावी गेलेली पोरं आठ-आठ दिवस परतत नाहीत, आणि तिथेच घसरतात.
- कन्नड टाळणं. कन्नड न येणाऱ्यांसाठी 'बळके कन्नड' हा सोपा विषय असतो. मनापासून शीक, बाजारात आणि ऑफिसातही उपयोगी पडतं.
- वर्कशॉपची घाई. हॅक्सॉच्या (धातू कापायच्या करवतीच्या) ब्लेडचे दात पुढच्या दिशेला हवेत. कानस पुढे नेतानाच दाब दे. मागे ओढताना दाबलीस की दात बोथट होतात. दर थोड्या वेळाने गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडाकडे धर. फट दिसली, तर उंच आहे तिथेच घास.

ब्रँच बदलणं, प्लेसमेंट, हे आत्ता डोक्यात घेऊच नकोस. जुलैआधी चांगला रेनकोट घे, इथला पाऊस छत्रीला जुमानत नाही.