राहून गेलेली पदकं आणि पार्ट टू ऑर्डर

जय हिंद, हवालदार साहेब.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: १९८२ ला भरती, २००४ ला हवालदार म्हणून पेन्शन. १९९४-९५ चा हिवाळा दुसऱ्या पलटणीबरोबर अ‍ॅटॅचमेंटवर (म्हणजे तात्पुरते जोडले जाऊन) सियाचीनला काढलात. १९९९ ला कारगिलच्या लढाईत आपल्या पलटणीसोबत द्रासला होतात, जूनमध्ये आजारी पडून खाली हॉस्पिटलात आलात आणि तिथूनच रेजिमेंटच्या ट्रेनिंग सेंटरला पोस्टिंग झाली. डिस्चार्ज बुकात (निवृत्तीवेळी मिळणाऱ्या सेवा-नोंदींच्या पुस्तकात) सैन्य सेवा पदक, ९ आणि २० वर्षांची दीर्घ सेवा पदकं आणि स्वातंत्र्याच्या ५० व्या वर्षाचं पदक आहे. सियाचीन ग्लेशियर पदक आणि ऑपरेशन विजय स्टार (कारगिल मोहिमेचं पदक) मात्र नाहीत. रेकॉर्ड ऑफिसला (रेजिमेंटच्या जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीला) फोन केलात तर "रेकॉर्डला काही दिसत नाही" एवढंच उत्तर मिळालं. आणि बरोबरचे म्हणतात, पदक कधी मागायचं नसतं.

आधी हेच मनातून काढून टाका. शौर्यपदक मागायचं नसतं, ते मिळतं. सेवा पदक वेगळं. अमुक भागात अमुक काळ ड्यूटी केली की ते लागू होतं. तो तुमचा हक्क आहे आणि त्याची नोंद करणं हे ऑफिसचं काम आहे. पैशाचा यात काही संबंध नाही. शौर्यपदकाला दरमहा भत्ता असतो, सेवा पदकाला एक रुपयाही नसतो. त्यामुळे पेन्शनसाठी कोणी मागे लागलाय असंही कोणी म्हणू शकत नाही.

माझी सगळी नोकरी पलटणीच्या ऑफिसात क्लार्क म्हणून गेली, म्हणून ही गाडी कुठे अडते ते सांगतो. जवानाच्या आयुष्यातली प्रत्येक गोष्ट (रजा, बढती, लग्न, मूल, कोर्स, पोस्टिंग) युनिटच्या पार्ट टू ऑर्डर या नोंदपत्रकात छापली जाते. त्याची एक प्रत रेकॉर्ड ऑफिसला जाते, तिथे शीट रोलवर (जवानाच्या सेवेच्या मूळ नोंदपत्रावर) नोंद चढते आणि शेवटी तीच डिस्चार्ज बुकात उतरते. पदकाचंही तसंच. पार्ट टू ऑर्डर निघाली नसेल तर तुम्ही बर्फात कितीही दिवस काढलेले असोत, शीट रोल कोराच राहतो. रेकॉर्ड ऑफिसचा माणूस खोटं बोलत नाही, त्याच्यासमोरच्या कागदावर खरंच काही नाही.

तुमच्या दोन्ही पदकांची ऑर्डर का निघाली नाही, हे तुमच्याच हकिगतीत दिसतंय. सियाचीनला तुम्ही अ‍ॅटॅच होतात. तिथल्या पलटणीने आपल्या जवानांची यादी केली, त्यात तुम्ही नव्हतात, कारण तुम्ही त्यांच्या स्ट्रेंथवर, म्हणजे हजेरीपटावर, नव्हतात. तुमची पलटण तेव्हा भलतीकडेच होती, तिने सियाचीनची यादी करायचा प्रश्नच नव्हता. दोन ऑफिसांच्या मध्ये तुमचं नाव राहून गेलं. विजय स्टारचं कारण दुसरं. मोहिमेचं पदक लढाई चालू असताना जाहीर होत नाही, त्याचा आदेश मागाहून येतो. आदेश आला की हेड क्लार्क त्या दिवशी हजर असलेल्यांची यादी आधी करतो. पोस्टिंगवर गेलेले, हॉस्पिटलातून परस्पर बदललेले, पेन्शनला गेलेले, यांची नावं कोणीतरी आठवणीने घालावी लागतात. चांगला हेड क्लार्क ती घालतो. सगळीकडे तसं होत नाही.

म्हणून अर्जात "मला पदक द्या" असं लिहू नका. त्यावर "नोंद नाही" हेच उत्तर पुन्हा येईल. नोंद राहिली आहे आणि ती करा, असं मागा. भाषा साधी ठेवा: "मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक पलटणीशी अ‍ॅटॅच राहून सियाचीन ग्लेशियरवर सेवा केली. या सेवेबद्दल सियाचीन ग्लेशियर पदकाची पार्ट टू ऑर्डर प्रसिद्ध झालेली नाही. ती प्रसिद्ध करून माझ्या शीट रोलमध्ये व डिस्चार्ज बुकात नोंद व्हावी." प्रत्येक पदकाला वेगळा अर्ज करा. एकाच अर्जात दोन्ही घातलीत तर एकाचा पुरावा कमी पडला म्हणून दुसरंही लटकेल.

आता पुरावा. मूव्हमेंट ऑर्डर (एका ठिकाणाहून दुसरीकडे पाठवल्याचा लेखी हुकूम) जपून ठेवली असेल तर उत्तमच, पण बहुतेकांकडे ती नसते. सगळ्यात भक्कम कागद पगाराचा. सियाचीनला वेगळा भत्ता मिळतो आणि तो तुमच्या पगाराच्या खात्यावर महिन्यागणिक चढलेला असतो. पदक लिहायला विसरलेल्या ऑफिसनेही भत्त्याची ऑर्डर मात्र काढलेली असते, कारण भत्ता चुकला तर जवान दुसऱ्याच महिन्यात दारात उभा राहतो. तेव्हाच्या पे स्लिपा ट्रंकेत शोधा. नसतील तर पे अकाउंट्स ऑफिसला त्या काळाच्या उताऱ्यासाठी अर्ज करा. द्राससाठी हॉस्पिटलचा डिस्चार्ज स्लिप आणि मेडिकल कागद बघा. कुठल्या युनिटातून, कुठून खाली आणलं, हे त्यात असतं. घरी पाठवलेली पत्रं असतील तर पाकिटं फेकू नका. ५६ ए.पी.ओ.चा (लष्करी टपालाचा) शिक्का, तारीख आणि मागे लिहिलेलं पलटणीचं नाव हा जोडपुरावा म्हणून चालतो. त्या वेळचे कंपनी कमांडर किंवा सुभेदार साहेब हयात असतील तर त्यांच्याकडून सहीनिशी दाखला घ्या. मोघम कौतुक नको. कुठल्या पोस्टवर, कधीपासून कधीपर्यंत, एवढंच लिहून द्यायला सांगा.

अर्जाआधी एक काम करा. माहितीच्या अधिकारात १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून आपल्याच शीट रोलची आणि आपल्या नावाने निघालेल्या पोस्टिंग, अ‍ॅटॅचमेंट, भत्ते व पदकांच्या पार्ट टू ऑर्डरच्या प्रमाणित प्रती मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील करा. पलटणीची वॉर डायरी वगैरे मागू नका, सुरक्षेचं कारण देऊन सगळाच अर्ज फेटाळला जाण्याची वाट उघडते. स्वतःच्या नोंदींपुरतं मागा.

अर्ज आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसलाच जातो. इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतो: मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, सिग्नल्सचं जबलपूरला. पत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा, शिवाय एक प्रत स्वतः स्पीड पोस्टाने. फोनवर विचारपूस जरूर करा, पण फोनवरच्या उत्तराला काही किंमत नाही. लेखी नकार हातात पडला तरच पुढे जाता येतं.

पुढे म्हणजे सशस्त्र सेना न्यायाधिकरण, २००७ च्या कायद्याखालचं. त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. लेखी नकारापासून ६ महिन्यांत तिथे अर्ज करायचा. उत्तरच आलं नाही तर अर्जानंतर ६ महिने थांबायचं आणि त्यापुढच्या ६ महिन्यांत जायचं. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. तुमचे कागद पाहता इथपर्यंत वेळ येऊ नये असं मला वाटतं.

१९६५ आणि १९७१ च्या जवानांच्या मुलांना मात्र हात जोडून सांगणं आहे, आज उठून कामाला लागा. पेन्शनरची सेवा कागदपत्रं रेकॉर्ड ऑफिस ५० वर्षं ठेवतं, बिनपेन्शन गेलेल्याची २५ वर्षं. त्यानंतर ती नष्ट होतात आणि फक्त लाँग रोलमधली (जवानांच्या कायमच्या नोंदवहीतली) एक ओळ उरते. १९७१ ला पूर्वेकडे लढून १९७५-७६ ला पेन्शनवर आलेल्या माणसाची मुदत भरली आहे किंवा भरत आली आहे. साताऱ्याकडच्या अपशिंग्यासारख्या गावांत घराघरांत अशी माणसं आहेत. १९७१ वाल्यांनी 'पूर्वी स्टार' (पूर्व आघाडीचं पदक) किंवा 'पश्चिमी स्टार' (पश्चिम आघाडीचं), आणि त्याबरोबर संग्राम पदक, यांची नोंद बुकात आहे का ते आधी बघा. १५ ऑगस्ट १९७२ ला नोकरीत असतील तर स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचं पदकही बघा. वडील नसतील तर आई किंवा वारस म्हणून मुलगा अर्ज करू शकतो.

हवालदार साहेब, एक शेवटचं. नोंद होणं आणि पदक हातात पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंद झाली तरी पदकाचा तुटवडा असतो, वाट बघावी लागते. कॅन्टोन्मेंटातल्या दुकानात सगळी पदकं विकत मिळतात, पण पार्ट टू ऑर्डर निघेपर्यंत ती छातीवर लावू नका. निघाल्यावर खुशाल लावा. अर्जासोबत डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स पाठवा, मूळ बुक पोस्टात टाकू नका. नोंदीसाठी मूळ बुक मागितलं तर सैनिक कल्याण कार्यालयाकडून पोच घेऊनच द्या. अर्जाचा मसुदा तयार झाला की इथे टाका, आर्मी नंबर झाकून. तारखा आणि पलटणींची नावं नीट बसली आहेत का, ते मी बघून देतो.