चंद्रपूरचा कोट पायी पाहायचाय? पहिल्या वेळेला एवढं करा

गावाहून पहाटेची पहिली एसटी पकडा. इथं गाडी हुकली की अर्धा दिवस गेला, कारण चंद्रपूरचं ऊन अकरालाच डोक्यात शिरतं. शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच या.

नवखे सगळ्यात मोठी चूक करतात ती जुन्या शहराभोवतीच्या पूर्ण परकोटाला फेरी मारायची. तो जवळपास ११ किलोमीटर आहे आणि मध्ये वस्ती, झुडपं लागतात. पहिल्या दिवशी तीन दरवाजे पुष्कळ झाले.

उत्तरेच्या जटपुरा गेटपासून सुरुवात करा. घाईनं आत शिरू नका, आधी बाहेर थांबून वर पाहा. हत्तीवर झेप घेतलेला सिंह कोरलाय, तीच गोंड राजांची खूण. कोवळ्या तिरप्या उन्हात कोरीव काम उठून दिसतं, दुपारी सपाट वाटतं. तिथून गांधी चौकातून सरळ दक्षिणेला पठाणपुरा गेट. मग पूर्वेला अंचलेश्वर गेट. तिथल्या अंचलेश्वर मंदिराच्या आवारातच गोंड राजांच्या समाध्या आहेत. राणी हिराईनं बांधलेली तिच्या नवऱ्याची, गोंड राजा बीरशहाची समाधी सावकाश पाहा, तासभर सहज जातो. शेवटी महाकालीचं देऊळ.

सोबत माणशी दोन लिटर पाणी, डोक्याला दुपट्टा, पायात वापरातली चप्पल. नवी चप्पल दुपारपर्यंत फोड आणते. देवळाच्या आवारातली फरशी तापते, म्हणून मोजे जवळ असू द्या. चैत्र पौर्णिमेच्या सुमारास महाकालीची यात्रा असते. दर्शन घ्यायचं असेल तर तेव्हा जरूर या, कोट पाहायला मात्र नको.

उरलेलं बिनबा गेट पुढच्या खेपेला.