पत्र्याच्या खोलीत पहिली-दुसरी नको: चार खोल्या, पाच वर्ग

मॅडम, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ राहील. दक्षिण सोलापूर तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते पाचवी, पट १०२ (१४, १५, २२, २४, २७), शिक्षक चार. पूर्व-पश्चिम ओळीत चार पक्क्या खोल्या, दक्षिणेला व्हरांडा. पश्चिमेची शेवटची खोली २४ × १६ फूट, बाकी तीन २० × १६. मागे तडे गेलेली जुनी खोली आणि स्वयंपाकघराशेजारी १५ × १२ ची पत्र्याची खोली. जूनपासून जुन्या खोलीत वर्ग भरवायचे नाहीत, तिथे सामान ठेवायचे. कार्यालय पहिल्या खोलीतच राहू द्यायचे. आणि मुले कमी म्हणून पहिली-दुसरी एकत्र करून पत्र्यात बसवायची, असा तुमचा बेत आहे.

यातला पहिली-दुसरी एकत्र करण्याचा भाग बरोबर आहे. बाकीचा बदला. खोल्या इयत्तेच्या क्रमाने किंवा पटाच्या आकड्याने वाटायच्या नसतात. सर्वांत लहान मुलांना सर्वांत चांगली खोली आधी द्यायची आणि मग उरलेल्यांची सोय लावायची.

सुरुवात जुन्या खोलीपासून. वर्ग भरत नाही म्हणून ती सुरक्षित झाली असे होत नाही. सामान ठेवले की खडूचा डबा किंवा चेंडू आणायला मूल जातेच, पावसात तिच्याच आडोशाला उभे राहते. २५ जुलै २०२५ ला राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात शाळेची इमारत कोसळून सात मुले गेली. म्हणून खोली पूर्ण रिकामी करा, कुलूप लावा आणि भिंतीपासून निदान दहा फुटांवर तारेचे कुंपण घ्या. स्वच्छतागृहाची वाट तिथून जात असेल तर वाट बदला. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून निर्लेखनाचा (खोली वापरातून बाद करून पाडण्याचा) प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा, सोबत चारही बाजूंचे फोटो द्या. यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीत, त्या खोलीची नोंद अजून ‘चांगली’ अशी नाही ना, हे आवर्जून पाहा. कागदावर खोल्या पुरेशा दिसत राहिल्या तर नव्या खोलीची मागणी कमकुवत होते.

आता पत्र्याची खोली. १५ × १२ म्हणजे १८० चौरस फूट. २९ मुले बसवली तर एका मुलाला जेमतेम सहा चौरस फूट मिळतात, त्यात दप्तर आलेच. उन्हाळ्यात वरून आग, पंखा लावला तर तो पत्र्याखालची गरम हवाच खाली ढकलतो. सोलापुरात सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात, आणि पत्र्यावर सर आली की शिक्षकाचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. अक्षरांचे आवाज शिकायच्या वयाच्या मुलांना ही खोली देणे म्हणजे त्यांचे वर्षाचे नुकसान. शेजारी चुलीचा धूर असेल तर तो वेगळाच.

कार्यालय तिथे न्या. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दर शिक्षकामागे निदान एक वर्गखोली हवी, आणि कार्यालय, भांडार व मुख्याध्यापक मिळून एक खोली चालते. तुमचा हिशेब इथे बरोबर जुळतो: चार शिक्षकांना चार पक्क्या खोल्या आणि पाचवी पत्र्याची. फक्त जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची कायमची नोंदवही, तिथे ठेवू नका. जन्मतारीख आणि जातीच्या नोंदीसाठी चाळीस वर्षांनीही माणसे त्याच्यासाठी येतात, आणि पत्र्याच्या एका गळक्या खिळ्याने ते कायमचे खराब होते. त्याचे लोखंडी कपाट पक्क्या खोलीतच हवे. तांदळाची पोती ठेवायला दुसरी जागा नसेल तर ती पत्र्याच्या खोलीच्या एका टोकाला, फळ्यांच्या चौथऱ्यावर, भिंतीपासून फूटभर सोडून लावा. भिंतीला टेकवली तर मागे घुशी लागतात आणि कळत नाही.

पहिली-दुसरी खोली क्रमांक १ मध्ये. पूर्वेचे टोक असल्याने इथे सकाळी दहापर्यंत ऊन येते, दुपारी खोली निवते. २९ मुलांना एकच शिक्षक असेल तर रांगा करू नका. ६ × ६ फुटी पाच सतरंज्या घ्या, प्रत्येकीवर पाच-सहा मुले. मोजमाप असे बसते: २० फुटी लांब भिंतीवर दोन फळे, त्यांच्यासमोर ४ फुटांची मोकळी पट्टी, उरलेल्या १२ फुटांत सहा-सहा फुटांच्या दोन ओळी. लांबीत तीन सतरंज्या, म्हणजे १८ फूट, आणि दाराकडे २ फुटांची वाट. सहा जागा होतात, पाच वापरायच्या. सहावी रिकामी सोडा. शिक्षक मागे पडलेल्या चार मुलांना घेऊन तिथे बसतील. ही जागा पहिल्या आठवड्यातच कपाटाने भरून जाते, तेवढे होऊ देऊ नका.

फळ्याची खालची कड जमिनीपासून दोन फुटांवर ठेवा. मुलांना लिहिण्यासाठी दोन्ही आखूड भिंतींवर दोन ते चार फूट उंचीत काळा पट्टा रंगवून घ्या. फरशीवरची रेखाटने पहिलीच्या आधीच्या खोलीत राहिली असतील तर ती नव्या खोलीत पुन्हा काढावी लागतील. शहाबादी फरशी आधी घासून पूर्ण सुकवा, नाहीतर ऑइलपेंट पहिल्याच पावसाळ्यात पोपडे धरतो. आणखी एक, तुमचा भाग सीमेजवळचा. घरी कन्नड बोलणारी मुले एकाच सतरंजीवर एकत्र बसवू नका, मराठी बोलणाऱ्यांत मिसळा.

खोली २ मध्ये तिसरी, ३ मध्ये चौथी. बाकांचे गणित मात्र आधी कागदावर करा. १६ फुटी भिंतीवर फळा, समोर ५ फूट मोकळे, उरतात १५ फूट. साडेतीन फुटी जोडबाकांच्या तीन ओळी आणि वाटा रुंदीत बसतात. मागे-पुढे एका बाकाला सव्वातीन फूट धरले तर चार रांगा. म्हणजे १२ बाक, २४ मुले. तीच खोली सतरंज्यांच्या पट्ट्यांवर ३० घेते. तिसरी सुखात बसेल, चौथी अगदी काठोकाठ. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची मुले आली तर तेरावा बाक कोंबू नका, दाराची वाट बंद होते. पहिल्या बाकापुढे एक पट्टी अंथरा. बाक वाटताना उंची पाहा: पाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि कोपर फळीच्या पातळीला आले पाहिजे. लोंबकळणारे पाय म्हणजे बाक चुकला.

पाचवी खोली ४ मध्ये, कारण २७ मुलांना १४ बाक लागतात आणि ते फक्त २४ फुटी खोलीत मावतात. हीच सर्वांत तापणारी खोली, पश्चिमेची भिंत दुपारभर ऊन खाते आणि ते आत यायला वेळ लागतो, म्हणून तीन-साडेतीनला ती हात लावून बघा. यावर साधा उपाय आहे: त्या भिंतीला खिडकी नसेल तर फळा तिथेच लावा. फळ्यासमोरची पाच फूट जागा तशीही रिकामी असते, त्यामुळे मुले भिंतीपासून आपोआप लांब बसतात. जनरल रजिस्टरचे कपाटही त्याच भिंतीला लागते. मुलांची तोंडे पश्चिमेला झाली की डावीकडचा उजेड व्हरांड्याच्या खिडक्यांतून येणार, तेव्हा त्या खिडक्यांना पाण्याचे पिंप किंवा सायकली टेकवू देऊ नका. बाहेरून शेडनेट लावाल तर भिंतीला चिकटवून नको, फूटभर अंतर ठेवा म्हणजे मधून हवा खेळते. कडुनिंब लावायचा असेल तर १५-२० फूट दूर. काळ्या मातीत झाड मुळाने पाणी ओढते, माती आक्रसते आणि पायाला तडा जातो.

तड्यांवरून: चारही पक्क्या खोल्यांत दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका गेलेला तडा दिसला तर त्यावर काचेची पट्टी सिमेंटने आडवी चिकटवून तारीख लिहा. पावसाळ्यात काच फुटली तर तडा हलतो आहे. लगेच बांधकामच्या अभियंत्यांना लेखी कळवा.

क्रम असा ठेवा. सुट्टी लागण्याआधी, एप्रिलच्या शेवटी, दुपारी अडीचला सगळ्या खोल्यांत तीन फूट उंचीवर तापमापक टांगून आकडे लिहा. समितीपुढे बोलताना तेच कामी येतात. मे महिन्यात स्लॅबवर चुन्याचे दोन हात द्या. पत्र्यावर चुना टिकत नाही, तिथे पांढरा छताचा रंगच लागतो. याला संयुक्त शाळा अनुदानातून खर्च करता येईल. बाक पालकांच्या श्रमदानातून हलवा, मुलांकडून उचलून घेऊ नका. कुठला बाक, कपाट, पंखा कोणत्या खोलीत गेला, ते त्याच दिवशी डेडस्टॉकला (शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत) नोंदवा. वाळवीसाठी लाकडी सामान भिंतीपासून अर्धा फूट दूर.

चाकाच्या खुर्चीवरचे किंवा कुबड्यांवरचे मूल असेल तर त्याच्या वर्गाच्या दारापर्यंत उतार आहे का ते पाहा. फूटभर जोत्याला बारा फूट उतार हवा. जागा नाही म्हणून सहा फुटांत केलेला उतार मोठ्या माणसालाही चढत नाही.

आणि जूनमध्ये शाळा उघडण्याच्या दोन दिवस आधी, सतरंज्यांच्या गुंडाळ्या उन्हात उलगडून झटका, कपाटांच्या मागे काठी फिरवा. दीड महिना बंद राहिलेल्या खोलीत विंचू असतोच असे समजून दार उघडा.